मधल्या माळावरची सही

४ मार्च

वहिनी,

नमस्कार. वाकून केलाय असं समजा. इथं टेबलाखाली वाकायला जागा नाही, सगळीकडे फायली आहेत.

पत्र पोचलं. "एवढ्या मोठ्या कचेरीत बसता आणि गावचा मोबाइलचा टॉवर सुरू करून देता येत नाही" हा टोमणाही पोचला. वहिनी, टॉवर लष्करानं बंद केलाय. आमचं परराष्ट्र खातं कसलं काय बंद करतंय, आम्ही नुसतं बोलतो. बोलायचाच पगार मिळतो आम्हाला.

दादाला नीट समजावून सांगा, तो गावात उगाच सरकारला शिव्या देत फिरतो. सरकारचं म्हणणं साधं आहे. मधला माळ आपला की पलीकडच्यांचा, हे बंदुकीनं ठरवायचं नाही, समोरासमोर बसून ठरवायचं. आणि ठरेपर्यंत आपण माळाला "आमचा"ही म्हणायचं नाही आणि "तुमचा"ही म्हणायचं नाही. आमच्या भिंतीवरच्या नकाशात तो सगळा पट्टा करड्या रेघांनी भरलाय. तुमचं घर रेघांच्या अगदी काठाला येतं. मी रोज येता-जाता बघतो.

आता एक आनंदाची गोष्ट. एप्रिलच्या अखेरीला बोलणी ठरली आहेत. तोवर कुठं ठिणगी पडू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपली गुरं, गवताच्या गंज्या, सामानसुमान माळावरून दोन-दोन शेतं मागे घ्यायचं ठरलंय. म्हणजे माणसांची आणि गस्तीवाल्यांची गाठच पडायची नाही. ही सूचना कुणाची म्हणून विचारू नका, मी सांगणार नाही. साहेबांनी ती बैठकीत वाचली आणि पलीकडच्यांनीही मान्य केली. तेव्हा मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर छाती फुगवून बसलो होतो.

दादाचा दमा कसा आहे? पंप वेळेवर ओढतो का?

तुमचा,
भाऊजी


१५ मार्च

भाऊजी,

आशीर्वाद वगैरे मागाहून. तुमच्या दादांना पलीकडच्यांनी धरून नेलंय.

सगळं क्रमानं सांगते, म्हणजे तुम्हाला तिथं सांगता येईल. मागच्या आठवड्यात जवान दारोदार फिरले. माळावर जे काही असेल ते दोन शेतं मागे घ्या, हुकूम आहे. गुरंवाल्यांनी गुरं आणली, गंज्यावाल्यांनी गंज्या आणल्या. हे म्हणाले, मधाच्या पेट्या दोन शेतं मागे नेता येत नाहीत. जवान हसला. म्हणाला, का, पेट्यांना मुळं फुटलीत का?

भाऊजी, त्या जवानाला माफ आहे. तुम्ही मधपाळाच्या घरात जन्मलात. माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते, हे तुम्ही दुधाचे दात होते तेव्हापासून ऐकलंय. मामंजी सांगायचे ना, पेटी हलवायची तर हातभर हलवा, नाहीतर थेट डोंगरापलीकडे न्या, मधलं काही चालत नाही. दोन शेतं म्हणजे नेमकं ते मधलं.

पण हुकूम तो हुकूम. ह्यांनी पहाटे पेट्यांची तोंडं बंद करून त्या मागे आणल्या. ऊन चढल्यावर माश्या बाहेर पडल्या आणि फिरून परत गेल्या त्या जुन्या जागी. संध्याकाळी बघितलं तर माळावर गवतात ढीगच्या ढीग नुसत्या बसलेल्या. ह्यांना जेवण गेलं नाही. उजाडायच्या आत रिकामी पेटी खांद्यावर टाकून निघाले. मी हात धरला. म्हणाले, "अगं, त्या गारठून मरतील तिथं. मी आत्ता गेलो आणि आलो." गस्तीवाले समोरूनच आले. शाळेतल्या मास्तरांनी आपल्या गच्चीवरून बघितलं. पेटी तिथंच पडली आहे अजून.

दम्याचा पंप उशाशी राहिलाय.

ती सूचना तुमचीच होती ना? तुम्ही सांगणार नव्हता, पण मला कळायचं ते कळलं. आता भांडत बसत नाही. माझ्या मशीनवर शाळेच्या गणवेशांचं कापड तसंच पसरलंय, एक टाका घातलेला नाही. तुम्ही जिथं बसायचं तिथंच बसलेले आहात. दादांना सोडवा.

वहिनी


२१ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. हो, सूचना माझीच होती. गुरं सुचली, गंज्या सुचल्या, पण ज्या पेट्यांवर मी लहानाचा मोठा झालो त्या सुचल्या नाहीत.

पंप आणि औषधं पाठवली आहेत. एका मदतसंस्थेचे डॉक्टर पलीकडच्या तुरुंगात जातात, त्यांच्या हाती दिली. त्यांनी दादाला बघितलं. खोकतोय, पण धड आहे.

आता जे सांगतोय ते वाचून तुम्ही भडकणार. दादाला सोडा असं सरकारला म्हणता येत नाहीये. मी साहेबांच्या खोलीत तीनदा जाऊन आलो. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी मला नकाशासमोर उभं केलं आणि विचारलं, "तुमच्या भावाला कुठं पकडलं?" मी म्हटलं, मधल्या माळावर. ते म्हणाले, "मग मी काय लिहू? आमच्या हद्दीत पकडलं असं लिहिलं तर ते आमच्या हद्दीत घुसले असा आरोप होतो आणि बोलणी मोडतात. तुमच्या हद्दीत पकडलं लिहिलं, तर बोलणी करायची गरजच उरत नाही, माळ देऊन मोकळे झालो." ही भूमिका मी स्वतः किती पत्रकांमध्ये टाइप केली आहे.

पलीकडे पंचवीस एप्रिलला सुनावणी ठेवली आहे. आरोप हेरगिरीचा. घाबरू नका असं लिहीत होतो, खोडलं. घाबरण्यासारखंच आहे. हेरगिरीला तिथं दहा-बारा वर्षं देतात. दादाची छाती तिथली एक थंडी काढणार नाही.

तुम्ही कुणा वार्ताहराशी बोलू नका. मी काहीतरी करतो.

भाऊजी


३० मार्च

भाऊजी,

"काहीतरी करतो" म्हणजे काय करता? दहा दिवस झाले, तुमचं काहीतरी अजून पोस्टातच आहे वाटतं.

तुमच्या आधी पलीकडच्यांनीच केलं बघा. त्यांच्या वकिलातीतून एक कागद आलाय. चार ओळींचा आहे. अटकेतला माणूस आमच्या घरचा असून तो चुकून सीमा ओलांडून तुमच्या मुलखात, म्हणजे मधल्या माळावर, आला, याची आम्हाला कबुली आहे. खाली जवळच्या नातेवाइकाची सही. बायको किंवा सख्खा भाऊ, दुसरं कुणी चालत नाही. सही झाली की खटला रद्द आणि माणूस घरी. काय पण सोपं आहे!

मी पेन शोधायला उठले होते, खरं सांगते. तेवढ्यात मास्तर आले. त्यांच्यामागून माळावर शेतं असलेल्या सहाही घरची माणसं आली. कुणी आवाज चढवला नाही. मास्तर एवढंच म्हणाले, "बाई, बोलणीच्या टेबलावर ते हा कागद टाकतील. त्या गावचे लोकच म्हणतात माळ आमचा, मग तुम्ही कशाला भांडता, असं म्हणतील." मागच्या गल्लीतली म्हातारी माझ्या मशीनवरच्या कापडाच्या घड्या घालत बसली. तिचं सगळं शेत तिकडंच आहे. जाताना दारात दूध ठेवून गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मला सोपं गेलं असतं.

आता सरकारला विचारून सांगा मला. सरकार माणूस मागत नाही, ठीक. मी सही केली तर सरकारचं काय म्हणणं आहे? का त्यावरही "आमचाही नाही, तुमचाही नाही"?

वहिनी


५ एप्रिल

वहिनी,

सरकारचं म्हणणं विचारलंत म्हणून आधी ते सांगतो. कुटुंबानं कुठल्याही कागदावर सही करू नये. वाद शांततेच्या मार्गानं सोडवण्याच्या प्रयत्नांना त्यामुळे बाधा येईल. हे वाक्य तुम्हाला कळवायला साहेबांनी मलाच सांगितलं. झालं, कळवलं.

आता मी बोलतो. सही करा.

वहिनी, मी रोज सकाळी त्या नकाशासमोरून जातो आणि मला आता रेघा दिसत नाहीत, दादा खोकताना दिसतो. मास्तर बरोबर बोलतात, कागद टेबलावर येईल. येऊ दे. एका कागदानं माळ जात नाही, आमच्याकडे जुने नकाशे आहेत, करार आहेत, आम्ही भांडू. आणि गेला तर गेला. जमिनीची भरपाई मिळते. गावाला काय सांगायचं ते मी सांगेन, पाया पडेन सगळ्यांच्या. तुम्ही फक्त सही करा आणि हे पत्र जाळा.

तुमचा,
भाऊजी


१२ एप्रिल

भाऊजी,

पत्र जाळलं. सही केली नाही.

परवा एक गुरांचा व्यापारी घरी आला होता. तो ह्यांच्याच कोठडीत होता, सुटून आला. बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "निरोप आहे. तुमच्या माणसानं मला तीनतीनदा घोकायला लावलाय." निरोप असा, की कागद येईल, पण काहीही झालं तरी घरातल्या कुणी सही करायची नाही. पलीकडच्यांनी तो कागद आधी ह्यांच्यापुढेच ठेवला होता म्हणे. ह्यांनी तो परत सरकवला. म्हणाले, "माझ्या सहा शेजाऱ्यांची शेतं माझ्या खोकल्यापायी विकू का?"

मी त्या परक्या माणसासमोर हमसून हमसून रडले. तो बिचारा ओशाळला. त्याला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं बोललो.

भाऊजी, मला सही करावीशी वाटते. रोज वाटते. कागद कपाटात कपड्यांच्या खाली ठेवलाय आणि दिवसातून दहादा हात तिकडं जातो. पण मी ह्यांना ओळखते. उद्या घरी आले आणि माझ्या तोंडाकडे बघायचेच बंद झाले, तर मी कुणाला सोडवून आणलं? आणि त्यांनी स्वतःच्या जिवावर उदार होऊन जे राखलं ते मी घरात बसून देऊन टाकू?

तुमच्यावर रागावले होते, तो राग आता नाही. तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. जेवत जा. आता जे व्हायचं ते सुनावणीत होईल.

वहिनी


२ मे

भाऊजी,

हे आले!

सुनावणीच्या आदल्या दिवशीच सोडलं. जवानांनी गाडीनं दारात आणून सोडलं. निम्मे झालेत. शर्ट खांद्यावरून घसरतो. पण माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "पेट्यांना पाणी ठेवत होतीस ना?" मी हसू का रडू मला कळेना. सगळं गाव अंगणात जमलं. मास्तरांनी ह्यांना मिठी मारली. जो तो म्हणत होता, सरकारनं आणलं, शेवटी सरकारच कामाला आलं. तुमचं नाव घेऊन सगळे बोलत होते. हे तर सगळ्यांना सांगत होते, माझा धाकटा तिथं आहे, त्यानं नमतं न घेता मला सोडवलं.

हे सगळं झालं परवापर्यंत. काल मास्तर वर्तमानपत्र घेऊन आले. आत बातमी आहे, की बोलणीच्या पहिल्याच दिवशी पलीकडच्यांनी कागद मांडला. माळ त्यांच्या मुलखात असल्याची सुटलेल्या माणसाच्या कुटुंबीयांनी लेखी कबुली दिली आहे.

मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. अंगण भरलेलं होतं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि हेही. सही दोघांनाच करता येत होती, भाऊजी. माझा कागद कपाटात आहे, कोराच्या कोरा.

मी म्हटलं, "हो, मी केली."

म्हातारी उठून गेली. तिच्यामागं सगळेच गेले.

तुम्ही केलीत ना?

वहिनी


७ मे

वहिनी,

हो, मी केली. तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस घरीच बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या वकिलातीत गेलो. लाकडी बाकावर बसवलं, चहा विचारला. सही घाईघाईनं केली, ती वेडीवाकडी आली, वाचता येत नाही. दादाचा निरोप मला ठाऊक होता, तरी केली. तो मेला असता तर त्याचा निरोप घेऊन मी काय करणार होतो?

वाटलं होतं, नोकरी जाईल आणि सुटेन. तसंही झालं नाही. कागद टेबलावर आला तेव्हा साहेबांनी तो बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी खोलीत बोलावलं, दार लावलं. म्हणाले, "आमच्याच खात्यातल्या माणसानं माळ त्यांचा म्हणून लिहून दिलं, हे बाहेर आलं तर आमचे लोक उद्याच टेबलावरून उठतील. आणि सीमेवर जे उभे आहेत ते त्याचीच वाट बघताहेत. ही सही घरच्या बाईची असेल." असेल, म्हणाले. मला विचारलं नाही. आणि मी, वहिनी, होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तीच सवय लागली आहे.

पण तुम्ही आपण होऊन हे अंगावर घ्याल असं मला वाटलं नव्हतं. मी रविवारी येतो. दादाला आणि गावाला सगळं सांगतो.

भाऊजी


११ मे

भाऊजी,

खबरदार येऊन बोललात तर.

बोलणी मोडली तर पहिला गोळा कुणाच्या छपरावर पडेल? तुमच्या साहेबांच्या नाही. रेघांच्या काठाला आमचं घर आहे, तुम्हीच लिहिलं होतंत. गावात आत्ता मुलं शाळेत जाताहेत, ती जाऊ देत. शेतं गेली तर भांडता येईल, रडता येईल. आमच्यावर राग काढायला माणसं तर जिवंत राहतील.

आणि दुसरं. ह्यांनी बोलणं टाकलंय माझ्याशी. मला वाटलं होतं तसंच झालं. ते माझं मी बघते, आम्ही एका छपराखाली राहतो, कधी ना कधी मीठ तरी मागतीलच. तुमच्यावरचा त्यांचा विश्वास गेला तर मात्र तो माणूस खचेल. ते आत तग धरून राहिले ते तुमच्या जोरावर. मला तेवढं करू द्या.

इकडे येऊ नका. पत्रही ह्यांच्या नावानं लिहा.

वहिनी


२२ जून

चि. धाकट्यास,

तुझा दादा लिहितोय, त्यामुळे अक्षर लावायला वेळ लागेल.

करार झाल्याचं रेडिओवर ऐकलं. माळ मधोमध वाटला. गावाजवळचा अर्धा आपला, पलीकडचा अर्धा त्यांचा. गोळी न झाडता प्रश्न सुटला म्हणून जगभरातून कौतुक चाललंय म्हणे. चांगलं झालं. मी वाईट म्हणत नाही. सहापैकी चार घरांची शेतं पलीकडं गेली. म्हातारी दुपारची नव्या तारेपाशी जाऊन बसते, तिला आणायला रोज कुणीतरी जावं लागतं.

तू तुझ्या परीनं किती झटला असशील ते मला कळतं. तू कमी पडला नाहीस. घर कमी पडलं.

तुझ्या वहिनीनं सही केली, हे तुला समजलं असेलच. तुला विचारलंसुद्धा नसेल तिनं. मी निरोप धाडला होता, तो तिला पोचला होता, तरी केली. मी अजून बाहेरच्या खोलीत झोपतो. जेवायला ती वाढते, मी जेवतो, झालं. ती एका शब्दानं स्वतःची बाजू सांगत नाही. रडली असती, माझ्यासाठी केलं म्हणाली असती, तर कदाचित माझं मन विरघळलं असतं. तिच्याकडे कपडे शिवायला आता गावातून कुणी येत नाही. मशीनवर तिनं चादर टाकून ठेवली आहे.

धाकट्या, आत असताना छाती भरून आली की मी मनात म्हणायचो, आपल्या घरातला एक माणूस तिथं बसलाय, तो आपलं गाव विकू देणार नाही. तू माझी मान खाली जाऊ दिली नाहीस. माझ्याच्यानं तिला माफ करवत नाही. तू मोठ्या मनाचा आहेस, तू कर.

पुढच्या रविवारी शाळेत गावाची बैठक आहे. तिला सगळ्यांसमोर विचारायचं ठरलंय, की असं का केलंस. मास्तर म्हणाले, आम्ही विचारलं तर रागानं विचारल्यासारखं होईल, सरकारातला माणूस असलेला बरा. मी म्हटलं, माझ्या भावापेक्षा सरळ माणूस कुठून आणणार? तेव्हा तिला प्रश्न तूच विचारायचे आहेत. ती म्हणाली, त्यांना बोलावू नका. पण मी तिचं ऐकलं नाही.

सकाळच्या गाडीनं ये. मी स्टँडवर घ्यायला येतो.

तुझा,
दादा